प्रलंबित पंप

शनिवारी सकाळी दहा वाजता हेडक्लार्कांनी ठरवलं की आज कॉम्प्युटर पुसायचा. एवढंच ठरवलं. (सुट्टीच्या दिवशी माणसाने काही ठरवू नये, हे त्यांना एव्हाना कळायला हवं होतं. पण सात महिन्यांपूर्वीपर्यंत त्या घरातलं ठरवण्याचं खातं बायकोकडे होतं, त्यामुळे हेडक्लार्कांना सराव नव्हता.)

कॉम्प्युटर मुलीचा. ती कॉलेजात असताना सुटे भाग आणून तिने स्वतःच्या हाताने जोडलेला. एका बाजूला काच, आत निळे दिवे, आणि मुख्य चिप तापू नये म्हणून दोन काळ्या नळ्यांतून गोल गोल फिरणारं पाणी. ते फिरवायला आत काडेपेटीएवढा पंप. ती हे जोडत होती तेव्हा तिची आई दोन दिवस शेजारी टॉर्च धरून बसली होती. हेडक्लार्क बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आतून 'पाणी' हा शब्द ऐकू आला तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "विजेच्या यंत्रात पाणी?" आणि बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पेपर वाचा." ते पेपर वाचत राहिले. त्या कामात त्यांचा वाटा एवढाच.

पुढे मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि कॉम्प्युटर तिच्या खोलीत राहिला. बायको दर शनिवारी त्याच्यावरून कोरडं फडकं फिरवायची. नुसतं फडकं, उभ्या पेटीवरून, हलक्या हाताने. हेडक्लार्क मात्र कामाला लागले की कंबर कसून लागणारे. त्यांनी पेटी आडवी केली, व्हॅक्यूम क्लीनर लावला, धूळ कोपऱ्यातून निघेना म्हणून पेटी उलटी केली, आणि पोत्यातून उरलेसुरले दाणे काढावेत तशी दोनदा हलवलीसुद्धा. मग ती जागेवर उभी करून, काही बिघडलं तर नाही ना हे बघायला बटण दाबलं.

दिवे लागले. पंखे फिरले. आणि आतून आवाज आला, "गुडगुड. खर्रर्र. गुडगुड."

हेडक्लार्कांनी झटकन हात मागे घेतला. त्यांनी बटण बंद केलं, पाच मिनिटं थांबले, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा दाबलं. गुडगुड हजर.

इथे हेडक्लार्कांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात. एकतीस वर्षं त्यांनी पंपांच्या तक्रारी लिहून घेतल्या. पंप आवाज करतो, पंप गळतो, पंप चालत नाही, पंप चालतो पण पाणी येत नाही. प्रत्यक्ष पंप त्यांनी पाहिला नव्हता. (एकदा खात्याच्या सहलीत पंपिंग स्टेशनला भेट होती, पण तेव्हा ते बसमध्ये डबे राखायला थांबले होते.) त्यांच्या रजिस्टरमध्ये तीन रकाने असत: तक्रार, कार्यवाही, निकाली. तिसऱ्या रकान्यात 'निकाली' लिहिलं की फाइल दोरीने बांधून रेकॉर्ड रूममध्ये जायची आणि मग तिच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. पण दुसऱ्या रकान्यात 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं, की फाइल टेबलावर राहायची. पत्रं यायची, स्मरणपत्रं यायची, तक्रारदार स्वतः यायचा, खुर्चीत टेकायचा, चार शिव्या द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. हेडक्लार्कांच्या टेबलावर एकेक प्रकरण नऊ नऊ वर्षं धडधाकट जगलं होतं. प्रकरण प्रलंबित ठेवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या खात्यात कुणी नव्हता.

तर, रविवारी मुलीचा फोन आला.

हे रविवारचे फोन म्हणजे एक अवघड काम होऊन बसलं होतं. पूर्वी सोपं होतं. मुलीचा फोन आला की हेडक्लार्क म्हणायचे, "बरी आहेस ना? थांब हं, आईला देतो." नऊ वर्षं बापलेकींचं संभाषण हे. त्यानंतर मायलेकी तासभर बोलायच्या आणि हेडक्लार्कांना जेवताना त्यातलं काय ते कळायचं. आता फोन द्यायला कुणी नव्हतं. दोघं दोन टोकांना फोन धरून बसत. तिकडे थंडी आहे, इकडे ऊन आहे, एवढं झालं की दोन मिनिटांत सगळं संपे. आणि त्या दोन मिनिटांतही एक गोष्ट मध्ये असायची, जिचं नाव दोघंही घेत नव्हते. आई गेली तेव्हा मुलगी एक दिवस उशिरा पोचली होती. परत जाताना विमानतळाच्या वाटेवर तिने टॅक्सीत एकदाच विचारलं होतं, "बाबा, मला आधी का नाही कळवलंत?" हेडक्लार्क म्हणाले होते, "सगळं इतकं अचानक झालं." (अचानक काही झालं नव्हतं. पण ते पुढे.)

त्या रविवारी थंडी आणि ऊन सांगून झाल्यावर हेडक्लार्क चाचरत म्हणाले, "तुझा कॉम्प्युटर आवाज करतोय."

"कसला आवाज?"

"गुडगुड. आणि मग खर्रर्र."

"तुम्ही काय केलंत त्याला?"

"मी? मी काही नाही केलं. पुसला."

"कसा पुसला?"

हेडक्लार्कांनी सांगितलं. मग मुलगी म्हणाली, "उलटा? बाबा, उलटा करून हलवलात?" आणि मग, सात महिन्यांत पहिल्यांदा, ती हसली. हसणं लगेच आवरलं तिने, पण हेडक्लार्कांनी ते ऐकलं होतं.

"आता नीट ऐका," ती म्हणाली. "आवाज पंख्याचा आहे की पंपाचा, ते आधी शोधायचं. कान लावून बघा. मी उद्या फोन करते."

उद्या! सोमवारी! हेडक्लार्कांनी लगोलग कपाटातून कोरं रजिस्टर काढलं आणि तीन रकाने आखले.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला फोन आला. (इकडे ऑफिस सुटलेलं आणि तिकडे तिचा दिवस सुरू व्हायचा, अशी ती वेळ.) मुलीच्या सांगण्यावरून हेडक्लार्कांनी किचन पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी कानाला लावली आणि पेटीच्या एकेका कोपऱ्यावर टेकवून ऐकलं. मागच्या पंख्यापाशी भुर्रर्र. वरच्या पंख्यापाशी भुर्रर्र. मधोमध, काळ्या गोल डबीपाशी, गुडगुड. "पंप," हेडक्लार्क तज्ज्ञाच्या सुरात म्हणाले, आणि उठताना नळी कानालाच धरलेली राहिल्यामुळे दाराच्या चौकटीला धडकले.

मंगळवारी त्यांनी खात्यातल्या फिटरला गाठलं. फिटर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, हवा धरलीय पंपाने. तोटी उघडा, हवा सोडा, झालं काम." संध्याकाळी हे त्यांनी मुलीला सांगितलं, तशी ती किंचाळलीच.

"काही उघडू नका! बाबा, ते बंद असतं, सील केलेलं! हात लावू नका कशालाही!"

"नाही लावत."

"शपथ?"

"अगं, हात मागे बांधून बसलोय."

फिटरचं निदान मात्र बरोबर होतं. पाण्यात थोडीशी हवा असतेच, मुलीने समजावलं, ती एरवी वरच्या बाजूला, पाणी थंड करणाऱ्या जाळीत, गप्प बसलेली असते. तुम्ही पेटी उलटी केलीत आणि बुडबुडा निघाला फिरायला, तो पंपात येऊन बसला. त्याला परत वर पाठवायचं. यंत्र चालू ठेवून पेटी हळूहळू कलती करायची, इकडे, मग तिकडे, घाई न करता.

हे सांगायला पाच मिनिटं लागली. फोन चालला पस्तीस मिनिटं. पंपाचं झाल्यावर मुलगी सहज म्हणाली की तिच्या घरातला नळही रात्रभर ठिबकतो. हेडक्लार्कांनी वॉशर या विषयावर जे जे ऐकीव ज्ञान होतं ते दिलं. मग तिने खालच्या मजल्यावरच्या म्हातारीबद्दल सांगितलं, जी हिला रोज लिफ्टमध्ये भेटते आणि रोज नव्याने नाव विचारते. मग खोकल्याबद्दल. मग थोडं थांबून म्हणाली, "आईचं हिरवं स्वेटर मी आणलंय. घालत नाही, पण कपाटात आहे." हेडक्लार्क म्हणाले, "असू दे." फोन ठेवल्यावर त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'कार्यवाही सुरू आहे.' आणि त्या रात्री त्यांना सात महिन्यांत प्रथमच आडवं होताक्षणी झोप लागली.

बुधवारी, चार तारखेला, ऑफिसातून आल्या आल्या त्यांनी पेटी सुरू केली आणि कलती करायला घेतली. एका हाताने जमेना. मग ते जमिनीवर मांडी घालून बसले, पेटी छातीशी धरली, खांद्यावर टेकवली आणि हळूहळू मागेपुढे डोलू लागले. मध्येच पेटीच्या पाठीवर थोपटलंही. आपण हे पूर्वी कधीतरी केलंय, असं त्यांना वाटलं. मग आठवलं. मुलगी चार महिन्यांची असताना दूध पिऊन झाल्यावर तिला ढेकर यावा म्हणून बायको तिला त्यांच्या खांद्यावर द्यायची, "धरा जरा, मी हात धुऊन येते." तेवढ्यात आतून 'गुडुक' असा एक मोठा आवाज आला. आणि पंप गप्प झाला.

हेडक्लार्कांनी कान लावला. नळी लावली. गोल डबीवर बोट ठेवलं, तर बोटाला जेमतेम थरथर. गुडगुड नाही, खरखर नाही. सगळं पूर्वीसारखं शांत झालं होतं. "जमलं!" असं ते मोठ्याने म्हणाले, रजिस्टर उघडलं, पेन काढलं, आणि तिसऱ्या रकान्यात 'नि' एवढं अक्षर लिहून थांबले.

निकाली म्हणजे फाइल बंद. फाइल बंद म्हणजे उद्या फोन नाही. परवा नाही. रविवारी दोन मिनिटं, थंडी आणि ऊन.

त्या 'नि'कडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते अक्षर खोडलं, अगदी नीट, कार्यालयीन पद्धतीने, शेजारी सही करून. साडेसहाला फोन वाजला.

"काय झालं बाबा? गेला आवाज?"

"नाही गं," हेडक्लार्क म्हणाले. "थोडा कमी आहे. पण आहे."

पहिलं खोटं सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "फोन पंपाजवळ धरा, मला ऐकायचाय." आता आली का पंचाईत! हेडक्लार्क म्हणाले, "धरतो," आणि स्वयंपाकघरात पळाले. ग्लासभर पाणी आणि सरबताची एक प्लॅस्टिकची नळी, एवढ्यावर भागलं. पहिल्या दिवशी फुंकर जोरात गेली आणि चष्म्यावर पाणी उडालं, पण दोन-चार दिवसांत हात, म्हणजे तोंड, बसलं. संथ गुडगुड. थांबून थांबून गुडगुड. आणि शेवटी नळीचं टोक ग्लासच्या तळाला घासून खर्रर्र. रजिस्टरमध्ये रोज नोंद होई: वेळ, प्रकार, तीव्रता. (खोट्या आवाजाचीसुद्धा नोंद त्यांनी प्रामाणिकपणे ठेवली, हे इथे सांगायला हवं.)

मुलीने तो आवाज रेकॉर्ड करून घेतला आणि इंटरनेटवर, जिथे असल्या यंत्रांचे हौशी लोक जमतात, तिथे टाकला. जगभरातून चाळीस जणांनी निदान पाठवलं. कुणी म्हणालं बेअरिंग गेलं, कुणी म्हणालं नळी चिमटली, कुणी म्हणालं आतलं पाणी आटत चाललंय. एकाने लिहिलं, 'हा कुणीतरी लिंबू सरबत पितोय असा आवाज आहे.' मुलीने हसत हसत हे वाचून दाखवलं. हेडक्लार्क म्हणाले, "काय एकेक लोक असतात!" आणि त्या माणसाबद्दल त्यांच्या मनात जी अढी बसली ती बसलीच.

पण हळूहळू मुलीचं हसणं कमी झालं. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, पाणी आटतंय याचा अर्थ कुठेतरी गळत असेल. विजेच्या जागी गळलं तर शॉर्टसर्किट होईल. तुम्ही तो लावूच नका."

"तू नको काळजी करू."

"कशी नको करू? तुम्ही एकटे आहात तिथे. रात्री काही झालं तर मला कोण कळवणार? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'मध्ये काय होतं ते हेडक्लार्कांना बरोबर कळलं. त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही. पण मुलगी लगेच पुढे म्हणाली, "उद्या मी जरा लवकरच करते फोन," आणि ते जिभेवरचं त्यांनी गिळून टाकलं.

असे सतरा दिवस गेले. एकवीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी, हेडक्लार्क मुलीच्या टेबलापाशी तयारीनिशी बसले होते. फोन ग्लासला टेकवून उभा, नळी तोंडात, शेजारी उघडं रजिस्टर. त्यांनी पाच मिनिटं गुडगुड ऐकवली, त्या दिवशी तर जरा रंगातच आले होते. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"उघडा बाबा," फोनमधून मुलगी म्हणाली. "मी दुरुस्तीवाल्या बाईंना पाठवलंय. मला राहवत नाहीये. फोन स्पीकरवर ठेवा."

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, हातात हत्यारांची पेटी. हेडक्लार्क काही बोलायच्या आत त्या आत आल्या, जमिनीवर बैठक मारली, काचेची बाजू काढली आणि बटण दाबलं. "कुठाय आवाज?" त्यांनी विचारलं.

"येईल," हेडक्लार्क म्हणाले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. बाईंनी डबीवर बोट ठेवलं, नळ्या चाचपल्या, टॉर्च मारून खालचा तळ बघितला. "मॅडम," त्या फोनकडे वळून म्हणाल्या, "पंप ठणठणीत आहे. गळती नाही, गरम नाही. पाण्याचा थेंब नाही कुठे."

"पण आवाज? आत्ता पाच मिनिटांपूर्वी ऐकला मी!"

बाईंनी मान वर केली. त्यांची नजर टेबलावरच्या ग्लासवर गेली, ग्लासातल्या नळीवर गेली, रजिस्टरवर गेली. तिथे ताज्या शाईत लिहिलेलं होतं, '६.३० ते ६.३५. गुडगुड. तीव्रता: उत्तम.' मग त्यांनी हेडक्लार्कांच्या ओल्या मिशीकडे बघितलं. बाई स्वभावाने चांगल्या असाव्यात. "येत असेल मधूनमधून," त्या म्हणाल्या. "यंत्रच आहे."

इथे प्रकरण मिटलं असतं. पण हेडक्लार्कांना धीर निघेना. पुरावा हलवावा म्हणून त्यांनी ग्लास उचलायला हात घातला, घाईत धक्का लागला आणि ग्लास आडवा झाला. पाणी टेबलावरून थेट खाली, उघड्या पेटीच्या दिशेने निघालं.

"अहो पाणी!" बाई ओरडल्या. "पाणी आलं! वायर काढा, वायर!"

फोनमधून मुलीची किंकाळी आली. "बाबा! लांब व्हा! हात लावू नका! बाबा, तुम्ही ठीक आहात का? बाबा, बोला ना! बाबा!"

बाईंनी वायर उपसली, पेटी मागे ओढली. हेडक्लार्क नळी हातात धरून उभे होते. फोनमधून 'बाबा, बाबा' चाललंच होतं, आणि आता ते रडण्यासारखं ऐकू येत होतं. शेवटी बाईंनाच बोलावं लागलं.

"मॅडम, घाबरू नका. सगळं ठीक आहे. हे पाणी पंपाचं नाही, ग्लासातलं आहे." त्या थांबल्या. "आवाजसुद्धा ग्लासातलाच होता."

बाईंनी हातातली वायर गुंडाळून ठेवली.

"पंप कधी थांबला बाबा?" मुलीने विचारलं.

"चार तारखेला."

"आणि आज एकवीस. सतरा दिवस." ती म्हणाली. "सतरा दिवस मी झोपले नाहीये. डोळे मिटले की आग दिसते मला. आणि तुम्ही..." ती थांबली. मग म्हणाली, "आईच्या वेळी असंच केलंत. मी रोज विचारायचे आणि तुम्ही म्हणायचात, तपासण्या चालू आहेत, तपासण्या चालू आहेत. तुम्हाला माहीत होतं ना तेव्हा? खरं सांगा. माहीत होतं ना?"

हेडक्लार्कांनी आडवा पडलेला ग्लास उचलून सरळ ठेवला. फोन बंद झाला.

बाईंनी आपल्याजवळच्या फडक्याने टेबल पुसलं, काच परत बसवली. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "साहेब, करमत नाही, एवढंच सांगायचं होतं ना मुलीला."

"असं कसं सांगतात?"

"तसंच सांगतात," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

रविवारी फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. साडेसहाला हेडक्लार्क मुलीच्या खोलीत जाऊन बसत. पेटी चालू करत. पंप आवाज न करता फिरत राही आणि त्या शांततेत त्यांना घरातली दुसरी प्रत्येक गोष्ट ऐकू येई: फ्रिज, शेजारच्यांचा जिना, आपला स्वतःचा श्वास. आपण मुलीला दोनदा फसवलं, एकदा तिच्या आईच्या वेळी आणि एकदा आपल्या करमणुकीसाठी, हे त्यांना तिथे बसून अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यावर लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचवा खिशात घालून घरी आले. मुलीचा नंबर त्यांना पाठ नव्हता, आलेल्या फोनवरून तो शोधणं जमत नव्हतं, नऊ वर्षांत त्यांनी तिला स्वतःहून कधी फोन लावलाच नव्हता. (एक वेळ सोडून. त्या एका वेळी नंबर नर्सने लावून दिला होता.) बायकोच्या वहीत शोधून एकेक आकडा बघत त्यांनी तो फिरवला.

"बाबा?" मुलगी म्हणाली. "काय झालं?"

"काही झालं नाही. एक पत्र आहे. वाचू?"

हेडक्लार्कांनी घसा खाकरला. "विषय: तुला उशिरा कळवल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की..."

"बाबा."

"थांब, मला असंच येतं. कळविण्यात येते की, सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, मुलीला बोलावून घ्या. मी म्हटलं, बुधवारचा रिपोर्ट येऊ दे. मंगळवारी आईने मला विचारलं, तिला कळवलंत का? मी..." कागदावरची पुढची ओळ त्यांना दिसेना. त्यांनी कागद खाली ठेवला. "मी हो म्हटलं. तिने विचारलं, निघाली का? मी म्हटलं, निघाली. मग तिने उशी फिरवून घेतली, दाराच्या बाजूला. आणि ती दाराकडे बघत राहिली. मंगळवारी, बुधवारी. बुधवारी रात्री मी तुला फोन केला."

तिकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तुम्ही म्हणाला होतात, तिला शुद्ध नव्हती," मुलगी म्हणाली.

"ते खोटं होतं. गुरुवारी सकाळपर्यंत होती."

मग मुलगी रडली. फोन दूर धरून नाही, तसाच कानाशी धरून, लहानपणी रडायची तशी. हेडक्लार्कांनी ऐकत राहायचं ठरवलं आणि ते ऐकत राहिले.

"का?" तिने शेवटी विचारलं.

"तुला कळवलं की ते ठरलंच, असं वाटायचं. कळवलं नाही तोवर अजून काही होऊ शकेल. एकतीस वर्षं तेच केलं मी, पोरी. मला दुसरं येत नव्हतं."

"मी हे लगेच विसरणार नाही बाबा."

"नको विसरूस."

"माफ केलं, असंही म्हणणार नाही."

"नको म्हणूस. फक्त मला करमत नाही." हे वाक्य पत्रात नव्हतं. "तू फोन ठेवलास की घर खायला उठतं."

तिने नाक ओढलं. ती म्हणाली, "मलाही." आणि मग, जरा दरडावून, "आता एक ऐका. यापुढे काहीही झालं, लहान, मोठं, चांगलं, वाईट, तर त्याच मिनिटाला मला कळवायचं. रिपोर्टनंतर नाही, बुधवारी नाही. त्याच मिनिटाला. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवून हेडक्लार्क मुलीच्या खुर्चीत बसले आणि रडले. सात महिन्यांचं साठलेलं होतं, वेळ लागला. रडून झाल्यावर तोंड धुतलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, नुसत्या बिस्किटांची नाही, खरी भूक. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन चार बटाटे धुतले, बायकोच्या कुकरमध्ये ठेवले, झाकण लावलं, गॅस पेटवला आणि स्टूल ओढून शिट्टीची वाट बघत बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. शिट्टी होईना. पंचविसाव्या मिनिटाला धूर दिसला.

एरवी हेडक्लार्कांनी खिडकी उघडली असती, कुकर लपवला असता आणि वर्षभर कुणाला पत्ता लागू दिला नसता. पण शब्द दिला होता. त्यांनी गॅस बंद केला आणि खोकत खोकत नंबर फिरवला.

"बाबा? काय झालं?"

"कुकर जळला. बटाटे लावले होते. आत्ता, याच मिनिटाला. मला काही झालं नाही, गॅस बंद केलाय, फक्त धूर आहे आणि कुकर काळा पडलाय."

"शिट्टी नाही झाली?"

"एकही नाही. कुकरचं काहीतरी बिघडलंय."

"बाबा," मुलगी सावकाश म्हणाली, "आत पाणी किती घातलं होतंत?"

"पाणी?" पाणीपुरवठा खात्याच्या हेडक्लार्कांनी विचारलं.